जोडेघाट आणि आसिफाबादची जागा

तेलंगणात एक जिल्हा असा आहे, की ज्याच्या नावात राजवंश आणि त्याच्याविरुद्ध उठलेला बंडखोर शेजारी शेजारी नांदत आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तेव्हा त्यांतील एकाला कोमरम भीम आसिफाबाद असे नाव मिळाले. आसिफाबाद हे निजामाच्या आसफजाही घराण्याची आठवण सांगते. कोमरम भीम हे त्याच निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या गोंड पुढाऱ्याचे नाव. गोमंतकातील बहुसंख्य वाचकांना भीम माहीत झाले ते २०२२ साली आलेल्या ‘आरआरआर’ या चित्रपटामुळे. त्यात ते दिल्लीला गव्हर्नरच्या वाड्यात श्वापदे सोडतात आणि अल्लुरी सीताराम राजूंचे जिवलग मित्र होतात. प्रत्यक्षात या दोघांची भेट झाल्याचा कोणताही पुरावा नाही. करमणुकीला एवढे स्वातंत्र्य द्यावेच लागते. परंतु भीम यांचे खरे चरित्र वाघाच्या झुंजीचे नसून अर्ज-विनंत्यांचे, पट्ट्यांचे आणि जंगल खात्याच्या हद्दीच्या दगडांचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींना राखीव जागा देणारे विधेयक संमत केले. म्हणूनच हे चरित्र आज आपल्या कामाचे आहे, असे आम्हांला वाटते.

भीम यांचा जन्म १९०१ सालचा, आसिफाबादजवळच्या संकेपल्ली गावचा. गोंडांची शेती आपल्याकडील कुमेरीच्या जातीची. एक तुकडा काही वर्षे कसावा, मग तो विश्रांतीसाठी टाकून दुसऱ्याकडे वळावे, आणि पुढे पुन्हा पहिल्यावर यावे. या पद्धतीत पडीक दिसणारी जमीन बेवारशी नसते. ती फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. निजामाच्या जंगल खात्याला ही गोष्ट कधी समजली नाही, किंवा समजूनही सोयीची वाटली नाही. पडीक तुकडे राखीव वनात धरले गेले आणि त्यांवर परतणारा शेतकरी एका दिवसात अतिक्रमक ठरला. गुरे चारण्यावर कर बसला. दुसरीकडे, काझीपेठहून बल्लारशाहकडे रेल्वे आली, तिच्यामागून बाहेरचे शेतकरी, सावकार आणि वतनदार आले. त्यांना कागद वाचता येत होता, म्हणून पट्टे त्यांच्या नावावर झाले. गोंडाजवळ वहिवाट होती, पण कागद नव्हता. चरित्रकार सांगतात, की भीम यांचे वडील चिन्नू हे याच संघर्षात जंगल खात्याच्या माणसांकडून मारले गेले. भीम तेव्हा पंधराएक वर्षांचे होते. कुटुंबाने गाव सोडले आणि केरामेरीच्या बाजूला नवी जमीन फोडली.

तेथेही पीक उभे राहिल्यावर सिद्दिकी नावाचा एक पट्टेदार हक्क सांगत आला. बाचाबाचीत भीम यांच्या हातून त्याचा खून झाला. या घटनेला शौर्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तो एका तरुणाचा संताप होता आणि त्याची किंमत त्याने परागंदा होऊन भरली. पळाले ते चंद्रपूरला. तेथे विठोबा नावाच्या एका मुद्रकाने त्यांना आसरा दिला आणि छापखान्याच्या सहवासात त्यांना अक्षरओळख झाली, असे सांगतात. पुढे ते आसामच्या चहाच्या मळ्यांत गेले. चारपाच वर्षे मजुरी केली, मजुरांच्या चळवळीत सापडून तुरुंगात गेले आणि तेथून निसटून परत आले. या भटकंतीत त्यांनी कमावलेली खरी पुंजी म्हणजे लिहिता-वाचता येणे. परतल्यावर जमिनीच्या एका खटल्यात त्यांनी एका गावपाटलाला साहाय्य केले आणि अर्ज लिहून देणारा गोंड म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. ज्या समाजाचा सारा तोटा कागदामुळे झाला, त्याला प्रथमच कागदाशी झगडणारा आपला माणूस मिळाला. आमच्या मते भीम यांच्या पुढारीपणाचे मूळ धनुष्यबाणात नव्हे, येथे आहे.

बाबेझरी, जोडेघाट, पाटणापूर इत्यादी बारा वाड्यांनी राखीव ठरवलेल्या वनात पुन्हा नांगर घातला. जंगल खात्याने झोपड्या जाळल्या, पिके उधळली, माणसे हुसकली. भीम यांनी दाद मागितली. ते हैदराबादपर्यंत गेले, पण निजामाची भेट मिळाली नाही. या पायपिटीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण पुष्कळ चरित्रांत ती दोन ओळींत संपते. गोंडांच्या बाजूने बोलणारा एकही माणूस ज्यात असेल असे कोणतेही सभागृह तेव्हा त्या संस्थानात नव्हते. स्थानिक अंमलदार, त्याच्यावर तालुकदार, त्याच्यावर दरबार. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध, तिचा निवाडाही त्याच्याच हाती. बारा वाड्यांना आपले म्हणणे मांडण्याची दुसरी कोणतीही जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी जोडेघाटच्या डोंगरावर ती स्वतः केली. तडजोडीच्या बोलण्यात सरकार काही पट्टे देण्यास तयार झाले होते, असे म्हणतात. भीम यांचे मागणे त्यापुढचे होते. पाणी, वन आणि भूमी यांवर त्या वाड्यांचा स्वतःचा कारभार त्यांना हवा होता. हे मागणे मान्य होणे शक्य नव्हते.

१९४० साली सशस्त्र पोलीस जोडेघाटवर चढले. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला तीरकमठे आणि गोफणी. फितुरीने वाट दाखविली, असे लोक सांगतात. भीम आणि त्यांचे काही साथीदार तेथेच पडले. वय चाळिशीच्या आत. गोंड लोक त्यांची पुण्यतिथी इंग्रजी तारखेने पाळत नाहीत. आपल्याकडे कोजागरीचे दूध आटते त्या आश्विन पौर्णिमेला जोडेघाटवर ते जमतात.

या गोळीबाराने निजाम सरकार एवढे मात्र हलले, की हे लोक का उठले याची चौकशी करावी, असे त्याला वाटले. ते काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. जर्मन पारपत्रामुळे महायुद्धाच्या काळात त्याला हैदराबाद संस्थानाबाहेर फिरण्यास बंदी होती. शत्रुराष्ट्राचा म्हणून अडकवून ठेवलेला हा मनुष्य गोंडांच्या उपयोगी पडला. त्याच्या खटपटीने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत, कारण त्या भागातील गोंडांची दुसरी भाषा मराठी होती. जमिनीचे पट्टेही दिले गेले. भीम हयात असताना जे अर्जाने मिळाले नाही, त्यातील काही भाग त्यांच्या मृत्यूने मिळवून दिला.

१९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५२ साली प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली. आसिफाबादहून कोंडा लक्ष्मण बापूजी निवडून आले. वांकिडीत जन्मलेले, विणकर समाजातील, वकिलीत तरबेज असे हे नेते पुढे तेलंगणाच्या चळवळीचे एक आधारस्तंभ ठरले. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही, पण ते गोंड नव्हते. १९६२ साली कोटनाक भीमराव या गोंड नेत्याने ही जागा घेतली. तीन निवडणुका त्यांनी ती राखली आणि मंत्रिपदही भूषविले. त्यानंतर मतदारसंघांची फेररचना झाली आणि १९७८ पासून आसिफाबादची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. कम्युनिस्ट पक्षाचे गुंडा मल्लेश १९८३, १९८५ आणि १९९४ साली येथून निवडून आले. कष्टकऱ्यांचा हा प्रामाणिक प्रतिनिधी होता आणि दलितांना मिळालेल्या जागेविषयी कोणी कुरकुर करण्याचे कारण नाही. तथापि परिणाम असा झाला, की भीम यांच्या जन्मगावच्या आसिफाबादेतून २००९ पर्यंत कोणाही गोंडाला विधानसभेची उमेदवारीच करता येत नव्हती. गोंडांची मते बदलली नव्हती; बदलली होती ती नकाशावरची रेघ आणि तिच्यापुढील कंसातला शब्द. या मधल्या काळातच, २० एप्रिल १९८१ रोजी, उटनूर तालुक्यातील इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पुन्हा गोळीबार झाला. सरकारने १३ मृत सांगितले. लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात.

२००९ पासून ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेव्हापासून आत्राम सक्कू आणि कोटनाक भीमरावांच्या कन्या कोवा लक्ष्मी यांनी ती आलटून पालटून जिंकली. २०१८ साली दोघांत अंतर होते अवघ्या १७१ मतांचे. २०२३ साली कोवा लक्ष्मी पुन्हा आल्या. आरक्षणाने सारे मिटले असे मात्र नाही. १९७६ नंतर लंबाडा समाजही तेथे अनुसूचित जमातींत धरला गेला. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज वेगळ्या सूचीत आहे. यामुळे गोंड आणि लंबाडा यांच्यात पडलेली तेढ २०१७ साली जोडेघाटच्या स्मारकापर्यंत पोहोचली.

आणि एक नवल. भीम यांच्या त्या केरामेरी भागातील परांडोली, अंतापूर, मुकदमगुडा आदी चौदा वाड्या महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये आपल्या म्हणतात. १९५६ साली राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात आला, त्यातून राहिलेला हा गुंता. तेथील मराठी बोलणारे मतदार आसिफाबादचा आमदारही निवडतात आणि राजुऱ्याचाही. ज्या डोंगरात १९४० साली एकही प्रतिनिधी नव्हता, तेथे आज काही लोकांना दोन आहेत. इतके असून, तेथील पुष्कळांच्या शेतजमिनीचा पट्टा अजून झालेला नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक आहेत, म्हणजे शेकडा दहाहून किंचित अधिक. चाळीस जागांच्या सभागृहात त्या हिशेबाने चार जागा होतात. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित दर्जा मिळाला, पण त्यामागोमाग मिळायला हवी होती ती जागा मिळण्यासाठी कायदा व्हायला बावीस वर्षे लागली. मधल्या काळात २०११ साली बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुणांचे प्राण गेले. आता चार जागा कोणत्या, हे जनगणनेचे आकडे पाहून निवडणूक आयोग ठरवील. ही रेघ ओढली जाताना केपे, सांगे आणि काणकोणच्या वाड्यांतील लोकांनी हरकती आणि सूचना वेळेत, लेखी आणि स्वतःच्या नावाने द्याव्यात. आसिफाबादेत १९७८ साली जे झाले ते येथे व्हायला दुष्ट हेतू लागत नाही, दुर्लक्ष पुरते.

३० जून २०२३ रोजी आसिफाबाद येथेच तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी वनजमिनीच्या पट्टेवाटपाचा आरंभ केला. राज्यभरात चार लाख एकरांहून अधिक जमिनीचे हे पट्टे होते. त्यानंतर दोन वर्षे होत नाहीत तोच, मे २०२५ मध्ये, कवाल आणि ताडोबा यांमधील सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर वन वाघांच्या वाटेसाठी राखून ठेवणारा आदेश निघाला. वाघ वाचले पाहिजेत, याविषयी आमचे दुमत नाही. पण त्या राखीव क्षेत्राला नाव दिले होते कोमरम भीम यांचेच. जिल्ह्यातील आदिवासी उठले, बंद पाळला गेला, लोकप्रतिनिधींना त्यांच्यामागे यावे लागले, आणि जुलैमध्ये सरकारने तो आदेश स्थगित केला.