तबकडीवरचे नाव : जेम्स ब्राऊन
(द्वितीय वर्ष, कला)

मायकेल जॅक्सनचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. १९९६ साली मुंबईत अंधेरीला त्याचा कार्यक्रम झाला; त्या गर्दीच्या गोष्टी थोरांच्या तोंडून आजही ऐकू येतात. परंतु या मायकेल जॅक्सनने लहानपणी ज्याला पाहून नाचण्या-गाण्याचे धडे गिरवले आणि ज्याच्या शवपेटीपाशी तो ३० डिसेंबर २००६ रोजी ऑगस्टा शहरात उभा राहिला, त्या जेम्स ब्राऊनची मात्र आपल्याला फारशी ओळख नाही. 'फंक' या नावाने जे अमेरिकन संगीत ओळखले जाते, त्याचा हा जनक. सुमारे पन्नास वर्षे तो गात होता आणि या काळात त्याने इतक्या ध्वनिमुद्रिका काढल्या, की त्यांची नुसती सूची करण्यात काही अभ्यासकांची वर्षानुवर्षे गेली.

मित्रहो, थोर पुरुषाचे चरित्र बहुधा त्याच्या आत्मचरित्रावरून लिहिले जाते. ब्राऊनचेही आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु मला त्याच्या ध्वनिमुद्रिकांच्या सूचीची वाट अधिक भरवशाची वाटते. सूची म्हणजे काय? तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गाण्याचे नाव, गायकाचे नाव, रचनाकाराचे नाव आणि कंपनीचा क्रमांक छापलेला असतो. हे झाले दर्शनी रूप. मूळ ध्वनिफितीचा क्रमांक निराळा असतो, ध्वनिमुद्रणाची तारीख निराळी आणि विक्रीची तारीख त्याहून निराळी. त्या दिवशी ढोल कोणी वाजवला, गिटार कोणाच्या हातात होती, मागून साथ कोणाच्या गळ्याने दिली, हे कंपनीच्या दप्तरांतून आणि वादकांच्या आठवणींतून शोधून काढावे लागते. मिशेल रुप्ली या फ्रेंच सूचिकाराने ब्राऊनच्या किंग कंपनीच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांची सूची १९८५ मध्ये पुस्तकरूपाने काढली. हे काम वरवर कारकुनी दिसते. पण शेतात राबणाऱ्यांच्या घरातून आलेल्या मुलाला त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि औत धरणारा दुसराच असतो. माझ्या आजोबांची उभी हयात ज्या रानात गेली, त्या रानाच्या कुठल्याही कागदावर त्यांचे नाव नाही. असो.

जेम्स ब्राऊनचा जन्म ३ मे १९३३ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील बार्नवेलजवळ, रानातल्या एका खोलीच्या लाकडी झोपडीत झाला. आई लहानपणीच सोडून गेली. बापाने त्याला जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे मावशीकडे ठेवले. ही मावशी वेश्यागृह चालवीत असे. मुलाने बूट पॉलिश केले, कापूस वेचला, लष्करी तळावरच्या सैनिकांपुढे नाचून नाणी मिळवली. अंगावर धड कपडे नाहीत म्हणून त्याला शाळेतून घरी पाठवण्यात आले. १९४९ मध्ये मोटारींतून चोऱ्या केल्याबद्दल त्याला आठ ते सोळा वर्षांची शिक्षा झाली. सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला एवढी शिक्षा! बालगुन्हेगारांच्या तुरुंगात त्याची बॉबी बर्ड या बाहेरच्या मुलाशी ओळख झाली, ती बेसबॉलच्या सामन्याच्या निमित्ताने. बर्डच्या घरच्यांनी हमी घेतली आणि जून १९५२ मध्ये ब्राऊन सुटला.

टोकोआ गावात बर्डची स्वतःची गाण्याची मंडळी होती. तिच्यात ब्राऊन सामील झाला. ही मंडळी पुढे 'फेमस फ्लेम्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी सिनसिनाटी येथे तिने 'प्लीज, प्लीज, प्लीज' हे पहिले गाणे मुद्रित केले. किंग कंपनीचे मालक सिड नेथन यांना ते मुळीच पसंत पडले नाही, तरीही तबकडी निघाली : फेडरल क्रमांक १२२५८. तिच्यावर जेम्स ब्राऊनचे नाव आधी आणि फेमस फ्लेम्सचे नाव त्याला जोडून होते. म्हणजे मंडळी बर्डची, आणि पाहुणा म्हणून आलेला गडी धनी झाला! मंडळीत कुरबुर झाली, वर्षभरात फूटही पडली. बर्ड पुढे परत आला आणि १९७३ पर्यंत मित्राच्या सावलीत गात राहिला. ही पहिलीच नोंद वाचताना ब्राऊनच्या पुढल्या साऱ्या आयुष्याचा अंदाज येतो.

यानंतरच्या नऊ तबकड्या पडल्या. 'ट्राय मी' हे १९५८ चे गाणे चालले नसते तर कंपनीने त्याला बहुधा निरोपच दिला असता. येथून सूचीतल्या गमती सुरू होतात. ब्राऊनला आपल्या वादकांचे नुसत्या वाद्यांचे मुद्रण काढायचे होते; नेथन यांनी नकार दिला. तेव्हा त्याने मायामीला जाऊन हेन्री स्टोन यांच्या डेड या छोट्या कंपनीसाठी १९६० मध्ये 'मॅश्ड पोटेटोज' हे नाचाचे गाणे केले. करार किंगशी असल्याने स्वतःचे नाव लावता येईना, म्हणून वाद्यवृंदातला ढोलवादक नॅट केंड्रिक याच्या नावाने तबकडी निघाली. ब्राऊनच्या ओरडण्यावर दुसऱ्याचा आवाज चढवला, पण मागून मूळ आवाज पुसट ऐकू येतोच. गाणे चांगले गाजले. नावावरून सूची करणाऱ्याला ही तबकडी ब्राऊनच्या खाती सापडणार नाही; त्यासाठी कानच हवा.

१९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण करण्याची कल्पना त्याने मांडली. लोकांना ठाऊक असलेली गाणी पुन्हा कोण विकत घेणार, असा नेथन यांचा हिशेब होता. ब्राऊनने आपल्या पदरचे ५,७०० डॉलर घातले. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून सारे जग युद्धाच्या धास्तीत असताना, ते मुद्रण झाले. १९६३ मध्ये निघालेली ही दीर्घ तबकडी देशाच्या विक्रीयादीत ६६ आठवडे राहिली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. गाणाऱ्याइतकाच त्या तबकडीत ऐकणारा आहे. समोरच्या बायकांच्या किंकाळ्या, हुंकार, दाद, सगळे तिच्यात उतरले आहे.

पुढे किंगशी पुन्हा वाद झाला. ब्राऊन १९६४ मध्ये स्मॅश कंपनीकडे गेला, किंगने न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. निकाल मोठा विचित्र लागला : स्मॅशसाठी त्याने वाद्ये वाजवावीत, गाऊ नये. त्यामुळे काही काळ सूचीत हा गायक ऑर्गनवादक म्हणूनच दिसतो. त्याच गोंधळात 'आय गॉट यू' या गाण्याचे पहिले मुद्रण अडकून पडले. १९६५ मध्ये ते पुन्हा मुद्रित झाले, आणि आज जगभर वाजते ते हे दुसरे. मजा अशी, की या गाण्याचे मूळ रूप त्याच्या मंडळीतली गायिका इव्हॉन फेअर हिने १९६२ मध्येच निराळ्या नावाने गाऊन ठेवले होते.

१९६५ च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' पासून संगीताची घडणच पालटली. फेब्रुवारीत शार्लट येथे प्रवासात थांबून केलेले हे मुद्रण सात मिनिटांचे होते. तबकडीच्या एका बाजूस एवढी जागा कोठली! म्हणून त्याचे दोन भाग केले, आणि फीत किंचित वेगाने फिरवून गाणे अधिक चढे केले. ब्राऊनने गिटार, भोंगे, स्वतःचा गळा, सगळ्यांनाच ढोलाचे काम दिले. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सर्वांनी एकत्र यायचे, हा त्याचा दंडक. आपल्याकडे तबलजी समेवर येतो, तेव्हा जी मान आपोआप हलते, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की ब्राऊनची सम दर दोन-अडीच सेकंदांनी येते. १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' मध्ये तर स्वरांची हालचाल जवळजवळ थांबते आणि लय तेवढी उरते. या गाण्याची बांधणी पीवी एलिस या सॅक्सोफोनवादकाची. त्याचे नाव रचनाकार म्हणून तबकडीवर आहे, हे नमूद केले पाहिजे.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहरे पेटली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनला ब्राऊनचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द न करता दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आला. लोक घरी बसले आणि बॉस्टन त्या रात्री शांत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळेपणाचा अभिमान मोठ्याने सांगणारे गाणे त्याने लॉस एंजेलिसला मुद्रित केले : किंग क्रमांक ६१८७. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे हा काळ मराठी वाचकाला परका वाटू नये. या गाण्यातला मुलांचा जल्लोष प्रसिद्ध आहे. त्यात बरीच मुले गोरी आणि आशियाई वंशाची होती, असे ब्राऊनने आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या मुलांची नावे तबकडीवर नाहीत.

माणूस म्हणून ब्राऊन कठोर होता. सूर चुकला, बुटाला पॉलिश नसले, की वादकाला दंड. मार्च १९७० मध्ये पैशांवरून वादकांनी एकजूट केली, तेव्हा त्याने सिनसिनाटीहून बूट्सी कॉलिन्स वगैरे कोवळी पोरे विमानाने आणवली आणि जुन्यांना वाटेला लावले. त्या पोरांसह एप्रिलमध्ये नॅशव्हिलला 'सेक्स मशीन' झाले. (नाव पाहून गुरुजनांनी रागावू नये, गाणे नाचाचे आहे.) त्यात ब्राऊनच्या प्रत्येक हाकेला ओ देणारा आवाज बॉबी बर्डचा. रचनाकारांत ब्राऊन आणि बर्ड यांच्या जोडीला रॉन लेनहॉफ हे नाव येते. हा ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ होता. याच नावाची दीर्घ तबकडी ऑगस्टा येथील प्रत्यक्ष कार्यक्रमाची म्हणून विकली गेली. पुढे सूचिकारांनी छडा लावला, की तिच्यातला काही भाग बंद खोलीत मुद्रित करून त्यावर टाळ्या चढवल्या आहेत. ऑगस्टाचा १ ऑक्टोबर १९६९ चा खरा कार्यक्रम स्वतंत्रपणे बाहेर आला तो २०१९ मध्ये, गायकाच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी!

परंतु मला सर्वांत अस्वस्थ करते ती किंग क्रमांक ६२९० ची नोंद. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत मुद्रित झालेले 'फंकी ड्रमर'. त्यात मध्येच बाकीची वाद्ये थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड काही सेकंद एकटा ढोल वाजवतो. टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावचा हा मुलगा. कारखान्यांच्या यंत्रांचा आणि आगगाडीचा आवाज ऐकत लय शिकलेला. १९८० नंतर जुन्या मुद्रणाचा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवणारी यंत्रे आली, आणि हा तुकडा हजाराहून अधिक गाण्यांत वापरला गेला. जगातल्या कितीतरी तरुणांनी त्यावर पाय थिरकवले आहेत. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचे. स्टबलफील्डला त्या वापराचा मोबदला मिळाला नाही. तो २०१७ मध्ये वारला. गाण्याच्या नावातच ढोलवाला आहे आणि कागदावर मात्र नाही.

१९७१ मध्ये ब्राऊन आपल्या साऱ्या जुन्या मुद्रणांसह पॉलिडोर कंपनीकडे गेला. 'पीपल' या त्याच्या शिक्क्याखाली लिन कॉलिन्स, फ्रेड वेस्ली यांच्याही तबकड्या निघाल्या; त्या त्याच्या सूचीत घ्याव्यात की नाही, यावर अभ्यासकांत वाद संभवतो. मला विचाराल तर घ्याव्यात, पण ज्याच्या त्याच्या नावासह. पुढल्या दशकात त्याची चलती ओसरली. बायकांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर वारंवार झाले. ते झाकून चरित्र सांगता येत नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये पोलिसांनी पाठलाग करून पकडल्यावर सहा वर्षांची शिक्षा झाली आणि तो २७ फेब्रुवारी १९९१ रोजी सुटला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच 'स्टार टाइम' हा ७१ गाण्यांचा चार तबकड्यांचा संच निघाला. इंग्लंडचे क्लिफ व्हाइट, ब्राऊनच्या कचेरीत पूर्वी काम केलेले अॅलन लीड्स, हॅरी वाइंगर आणि नेल्सन जॉर्ज यांनी त्यासाठी मेहनत घेतली. सोबतच्या पुस्तिकेत गाण्यागणिक मुद्रणाची तारीख, गाव आणि वादकांची नावे छापली. 'ब्रँड न्यू बॅग' चे न कापलेले, मूळ संथ रूप लोकांनी पंचवीस वर्षांनी प्रथमच ऐकले. या पुस्तिकेच्या लेखनाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ढोलवाल्याचे नाव शोधणाऱ्या कारकुनी कामाला एवढा मान मिळावा, याचे मला कौतुक वाटते.

जेम्स ब्राऊन २५ डिसेंबर २००६ रोजी अॅटलांटा येथे वारला. कपड्यांअभावी शाळेतून परत पाठवलेल्या या माणसाने मृत्युपत्रात आपल्या मिळकतीचा बहुतेक भाग जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना येथील गरजू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला होता. वारसांचे आणि विश्वस्तांचे खटले पंधरा वर्षे चालले. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये गाण्यांचे हक्क प्रायमरी वेव्ह या कंपनीने विकत घेतले; किंमत सुमारे ९ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. त्या व्यवहारात जेम्स ब्राऊन या नावाचा हक्कही होता. तोपर्यंत त्या शिष्यवृत्तीचा एकही डॉलर कोणा मुलाच्या हाती पडला नव्हता.