गोरा कुंभार

संत गोरा कुंभार (परंपरेनुसार इ.स. १२६७ – २० एप्रिल १३१७) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होते. ढोकीजवळील तेर हे त्यांचे गाव. जुन्या चरित्रांत गावाचा उल्लेख 'तेरढोकी' असा जोडनावाने येतो. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा आदी समकालीन संतांमध्ये ते वयाने वडील मानले जात. म्हणून त्यांना 'गोरोबाकाका' म्हणतात.

जीवन

गोरोबा व्यवसायाने कुंभार होते. संती आणि रामी या सख्ख्या बहिणी त्यांच्या पत्नी होत. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असताना स्वतःचे तान्हे मूल पायांखाली आल्याचे त्यांना कळले नाही, पुढे विठ्ठलाची शपथ मोडल्यामुळे त्यांनी आपले हात तोडले, आणि पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात व मूल दोन्ही परत मिळाले, अशी कथा सांगितली जाते. महिपतींच्या 'भक्तविजय' (इ.स. १७६२) या ग्रंथामुळे ती घरोघरी पोहोचली.

मडकी घडविण्याच्या थापटण्याने संतांची डोकी थापटून त्यांनी नामदेवांना कच्चे ठरविले, ही दुसरी प्रसिद्ध कथा होय. त्यानंतर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले, असे परंपरा मानते.

अभंगरचना

गोरोबांच्या नावावर 'सकलसंतगाथे'त मोजकेच, सुमारे वीस अभंग आढळतात. त्यांत मूल गमावल्याच्या दुःखापेक्षा निर्गुणाचा अनुभव, शब्दांपलीकडचे मौन आणि द्वैत मावळल्याची अवस्था यांनाच मुख्य स्थान आहे. मुक्याने साखर चाखावी, पण गोडी सांगता येऊ नये, हा त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. लोकांच्या मनातील गोरोबा कथेतून घडले. साधक गोरोबा मात्र या थोड्या अभंगांतूनच भेटतात. त्यामुळे त्यांतील प्रत्येक शब्दाला महत्त्व आहे.

पाठाचा प्रश्न

गोरोबांच्या हातची वही उपलब्ध नाही. अभंग आधी मुखोद्गत राहिले, मग बाडांत उतरले आणि शेवटी छापले गेले. या प्रवासात भाषा काळाप्रमाणे बदलत गेली. त्यामुळे आज छापील गाथेत दिसणारी भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेहून बरीच अर्वाचीन वाटते. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. लहान गाथांना असा संपादक लाभला नाही.

जुना शब्द बदलण्यामागे बहुधा सद्भाव असतो. गाणाऱ्याला व ऐकणाऱ्याला अर्थ चटकन कळावा, एवढाच हेतू. तरी त्याची किंमत द्यावी लागते. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा व चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. 'दिधले'ऐवजी 'दिले' म्हटले, तर सहाची पाच अक्षरे होतात आणि तो खड्डा चालीने भरावा लागतो. चरणान्तीचा शब्द बदलला, तर यमकही तुटते.

याच्या उलट प्रकार म्हणजे नव्या गीताला जुन्या अभंगाचे स्थान मिळणे. 'तुझे रूप चित्ती राहो' हे गीत ग. दि. माडगूळकरांनी 'संत गोरा कुंभार' या चित्रपटासाठी लिहिले व सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केले. 'अवघे गरजे पंढरपूर' हे अशोकजी परांजपे यांचे पद 'गोरा कुंभार' या संगीत नाटकातील असून त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आहे. दोन्ही रचना भजनांत इतक्या रुळल्या आहेत की त्या संतवाणीच वाटाव्यात. त्यांची योग्यता यामुळे उणावत नाही. मात्र कवीचे नाव सांगितल्यास कवी व संत दोघांनाही न्याय मिळतो.

समाधी

परंपरेनुसार शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीस गोरोबांनी देह ठेवला. तेर येथे तेरणा नदीच्या काठी त्यांचे समाधिमंदिर असून याच तिथीला तेथे यात्रा भरते.