एकट्याचं मत

डेव्ही क्रॉकेट यांचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी अमेरिकेत, आजच्या टेनेसी राज्यात झाला. घरची फार गरिबी. शाळेत मारामारी केली नि मास्तर छडी देतील या भीतीने लहानगा डेव्ही आधी शाळेतून, मग घरातूनच पळाला! दोन-अडीच वर्षांनी परतला, तर वडिलांच्या डोक्यावर कर्ज. त्याने एकाकडे सहा महिने राबून ३६ डॉलर फेडले, दुसऱ्याकडे सहा महिने राबून ४० डॉलर. मग आठवड्यातले चार दिवस शाळा नि दोन दिवस काम करून तो लिहायला-वाचायला शिकला.

पुढे ते पटाईत शिकारी झाले. १८१३ मध्ये सेनापती जॅक्सन यांच्या फौजेतून क्रीक आदिवासींशी लढले. १८२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि १८२७ मध्ये देशाच्या संसदेत निवडून गेले.

१८३० साली जॅक्सन राष्ट्राध्यक्ष होते. आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा संसदेत आला. टेनेसीच्या खासदारांपैकी एकट्या क्रॉकेट यांनी विरोधात मत दिलं. तरी १०२ विरुद्ध ९७ मतांनी तो सभागृहात मंजूर झाला. १८३१ च्या निवडणुकीत क्रॉकेट पडले. १८३३ मध्ये परत निवडून आले, १८३५ मध्ये परत हरले. मग टेक्ससला गेले. तिथे ६ मार्च १८३६ रोजी अलामोच्या लढाईत त्यांना मरण आलं.

लोक त्यांना बंदुकीमुळे ओळखतात. मला मात्र त्यांचं ते एक मत मोठं वाटतं. ज्यांच्याशी लढले, त्यांच्यावर अन्याय होताना ते गप्प बसले नाहीत.