सूर्यराजा चौदावा लुई

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे नाव निघाले की व्हर्सायचा झगमगता राजवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच्या सत्तेचे मूळ शोधायचे, तर त्या वैभवाकडे पाठ फिरवून पॅरिसमधील एका काळोख्या रात्रीकडे वळावे लागते. फेब्रुवारी १६५१ मध्ये राजमाता मुलाला घेऊन शहराबाहेर निसटणार, अशी आवई उठली आणि संतप्त नागरिक रात्रीच राजवाड्यात शिरले. राजा जागेवर आहे, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. बारा वर्षांचा लुई झोपेचे सोंग घेऊन निश्चल पडून राहिला आणि प्रजाजन त्याच्या शय्येजवळून जात राहिले. प्रजेने राजावर पाळत ठेवावी, हा अपमान तो कधीच विसरला नाही.

लुईचा जन्म ५ सप्टेंबर १६३८ रोजी झाला. विवाहानंतर तब्बल तेवीस वर्षांनी तेराव्या लुईला लाभलेला हा वारस म्हणजे ईश्वराची देणगीच मानली गेली. १६४३ मध्ये पिता निवर्तला, तेव्हा नवा राजा अजून पाच वर्षांचाही नव्हता. राजमाता ॲन राज्यपालक झाली. कारभार मात्र इटलीत जन्मलेल्या कार्डिनल माझारिनच्या हाती होता. दीर्घकाळ चाललेल्या युद्धांमुळे कर असह्य झाले होते. १६४८ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँने विरोधाला तोंड फोडले. ही इंग्लंडसारखी लोकप्रतिनिधींची सभा नव्हे. राजाज्ञांची नोंद करून त्यांवर आक्षेप घेण्याचा अधिकार असलेले ते उच्च न्यायपीठ होते. पाठोपाठ मोठमोठे सरदार आणि खुद्द राजाचा चुलताही बंडात सामील झाला. ‘फ्रोंद’ या नावाने ओळखले जाणारे हे बंड १६५३ पर्यंत धुमसत राहिले. जानेवारी १६४९ मध्ये तर बालराजाला रातोरात राजधानी सोडावी लागली होती.

या अनुभवातून लुई तीन धडे शिकला. राजधानीवर विसंबू नये, सरदारांना त्यांच्या मुलखात मोकळे सोडू नये आणि कोणा एका मंत्र्याला सर्वेसर्वा होऊ देऊ नये. ९ मार्च १६६१ रोजी माझारिन मरण पावला. बावीस वर्षांचा विलासी तरुण राजा आता नवा मुख्य प्रधान नेमील, असा सर्वांचा कयास होता. दुसऱ्याच दिवशी त्याने मंत्र्यांना बोलावून, यापुढे आपणच आपले प्रधान आहोत, असे जाहीर केले. दरबाराला हा क्षणिक उत्साह वाटला. पण मृत्यूपर्यंत, चौपन्न वर्षे, त्याने हा नेम मोडला नाही.

पहिला आघात खजिन्याचा अधिकारी निकोला फुके याच्यावर झाला. आपल्या नव्या प्रासादात त्याने ऑगस्ट १६६१ मध्ये राजाला दिलेली मेजवानी राजालाही हेवा वाटावा अशी होती. तीन आठवड्यांच्या आतच त्याला अटक झाली. न्यायालयाने हद्दपारीची शिक्षा दिली असता लुईने ती वाढवून आजन्म कारावासाची केली. फुकेचा प्रासाद उभारणारे वास्तुकार, चित्रकार आणि उद्यानरचनाकार पुढे व्हर्सायच्या कामाला लागले.

राजमाता, धाकटा भाऊ आणि राजकुळातील पुरुष यांना लुईने अंतर्गत मंत्रिमंडळापासून दूर ठेवले. त्यांच्या जागी आली ती केवळ राजकृपेवर अवलंबून असलेली माणसे. रीम्सच्या व्यापारी घराण्यातील कोल्बेर हा त्यांतील अग्रणी. त्याने हिशेबांना शिस्त लावली, कारखानदारीला उत्तेजन दिले, दक्षिण फ्रान्समधील मोठ्या कालव्याला चालना दिली. सुरत आणि पुढे पुदुच्चेरी येथे वखारी घालणारी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीही १६६४ मध्ये त्यानेच उभी केली. प्रांतोप्रांती राजाचे अधिकारी कर, न्याय आणि बंदोबस्त यांवर देखरेख ठेवू लागले. १६६७ व १६७० मध्ये न्यायदानाचे नियम एकसूत्री करण्यात आले. १६७३ मध्ये पार्लमाँवर निर्बंध आला : आधी राजाज्ञेची नोंद करायची, आक्षेप मागाहून घ्यायचा.

तथापि ही सत्ता केवळ धाकावर उभी नव्हती. १६८२ मध्ये दरबार कायमचा व्हर्सायला हलला. तेथे राजाच्या उठण्यापासून निजण्यापर्यंत प्रत्येक कृतीचा सोहळा होई. राजाला सदरा देण्याचा मान कोणाचा, यावरून थोर घराण्यांत चुरस लागे. वर्षासने, सैन्यातील हुद्दे, धर्मपीठांवरील नेमणुका हे सारे राजाच्या नजरेवर अवलंबून. जो दरबारात दिसत नसे, त्याला काही मिळत नसे. मात्र सरदारांचे विशेषाधिकार लुईने काढले नाहीत. जमिनीच्या मुख्य करातून ते मुक्तच राहिले. प्रांतांचे निरनिराळे कायदे, अंतर्गत जकाती, पदांची विक्री हेही चालूच राहिले. राजाने सरदारांची तलवार म्यान करवली आणि मोबदल्यात त्यांचे उत्पन्न सांभाळले. या सौद्याची किंमत शेतकऱ्याने भरली.

अशा रीतीने गोळा केलेले बळ युद्धांत खर्ची पडले. १६६७ ते १७१४ या काळात लुईने चार मोठी युद्धे केली. १६९० नंतरच्या दशकात त्याची फौज कागदोपत्री चार लाखांच्या घरात गेली. १६८५ मध्ये त्याने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा १५९८ चा नान्तचा हुकूमनामा रद्द केला. बंदी असतानाही सुमारे दोन लाख ह्यूगेनॉट देश सोडून गेले आणि त्यांचे कौशल्य हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग यांना लाभले. १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायचे चांदीचे सामान टाकसाळीत गेले. १६९३-९४ च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. ज्याने राज्याच्या सीमेवर किल्ल्यांची साखळी उभारली, त्या वृद्ध व्होबाँने सर्वांवर समान कर बसवावा, असे सुचवणारा ग्रंथ १७०७ मध्ये छापला. त्या ग्रंथावर बंदी आली. पुढे १७१० मध्ये, खजिना रिता झाल्यावर, राजाला सर्वांच्या उत्पन्नावर दशांश कर बसवावा लागला. शहाण्याचा सल्ला ऐकला गेला, तो असा विलंबाने आणि अर्धामुर्धा.

अखेरची वर्षे शोकाची ठरली. १७११-१२ मध्ये एका वर्षाच्या आत पुत्र, नातू आणि थोरला पणतू गेले. १ सप्टेंबर १७१५ रोजी लुई निवर्तला, तेव्हा वारस होता पाच वर्षांचा धाकटा पणतू. राज्यपालकाचे अधिकार मर्यादित करणारे मृत्युपत्र लुईने करून ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी पार्लमाँने ते बाजूला सारले आणि त्याच महिन्यात आपला आक्षेपाचा जुना हक्क परत मिळवला. ज्याची आज्ञा अर्धशतकाहून अधिक काळ कोणी उल्लंघिली नव्हती, त्याची अंतिम इच्छा एक दिवसही टिकली नाही.

राज्य आणि आपण एकच, अशा अर्थाचे एक वचन लुईच्या तोंडी घातले जाते. त्याला समकालीन आधार नाही. पण त्याच्या राज्यव्यवस्थेचा गुण आणि दोष दोन्ही त्यात आले. एका माणसाच्या अविरत परिश्रमावर ती उभी होती. तो गेला आणि सरदारांची करमुक्ती व कर्जाचे ओझे मागे राहिले. १७८९ च्या क्रांतीच्या कारणांत त्यांची गणना होते. मात्र त्याच कारकिर्दीत १६६६ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली आणि त्याच वर्षी कोल्बेरने राजग्रंथालय प्रशस्त जागेत हलवून त्याचा संग्रह झपाट्याने वाढवला. क्रांतीने राजसत्ता बुडवली, पण हे ग्रंथालय राष्ट्राच्या स्वाधीन करून जतन केले. सूर्यराजाच्या हुकुमांना आज कोणी बांधील नाही; त्याच्या काळात जमवलेली पुस्तके मात्र पॅरिसमध्ये आजही वाचली जात आहेत.