तर्कतीर्थ आणि रोहित्र

शाळेच्या आठवणी आपल्या तुकडीतले बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. संपादक मंडळाने विषय निवडायची मोकळीक दिली, म्हणून मी आपल्या सातारा जिल्ह्यात आयुष्य घालवलेल्या एका माणसाबद्दल लिहिते आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी मराठी विश्वकोश, वाई, तर्कतीर्थ अशी माळ आपण पाठ केली होती. २७ मे १९९४ रोजी ते गेले, तेव्हा आपण आठवीची परीक्षा देऊन सुट्टीवर होतो. त्या पाठ केलेल्या माळेपलीकडे ते मला समजायला लागले ते मात्र पुढे, सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकताना आणि नंतर संगणकाला मराठी शिकवायच्या नोकरीत.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ चा, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. वैदिक घराणं. शिकण्यासाठी ते किशोरवयातच वाईला आले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत दाखल झाले. हेच नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन स्वामी केवलानंद सरस्वती झाले. विनोबा भावेही काही काळ याच गुरूंकडे शिकले. लक्ष्मणशास्त्री पुढे काशीला जाऊन न्यायशास्त्र शिकले आणि १९२३ साली त्यांनी कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची तर्कतीर्थ ही पदवी मिळवली. ती पुढे नावाला अशी चिकटली की अनेकांना ते त्यांचं नावच वाटतं. आधुनिक विद्यापीठाच्या वर्गात त्यांनी अभ्यासक्रम असा कधी पुरा केला नाही. इंग्रजी आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्यांनी पाठशाळेच्या अभ्यासाबाहेर, स्वतःच्या मेहनतीने मिळवलं.

या शिक्षणातून एक कर्मठ पंडित तयार झाला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. घडलं उलटं. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते तुरुंगात गेले. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे का, हा वाद पेटला. तेव्हा धर्मग्रंथांतूनच अस्पृश्यतेविरुद्ध आधार काढून देणाऱ्यांत शास्त्रीबुवा होते. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्याचं पौरोहित्य त्यांनी केलं. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, बुद्धिवादी झाले, आणि ज्या धर्माची शास्त्रं त्यांना मुखोद्गत होती त्याच धर्माची समीक्षा करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्याच वेळी धर्मकोशाचे संस्कृत खंडही ते संपादित करत होते. जुनं टाकायचं तर ते आधी पूर्ण वाचून, नीट लावून ठेवून मग टाकायचं, असा त्यांचा खाक्या दिसतो. १९५४ साली दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि १९५५ साली मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला.

आता सांगलीकडे येते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, की १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हाच्या साताऱ्यात होतं, आज सांगलीत आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, यशवंतराव मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन करून अध्यक्षपद लक्ष्मणशास्त्र्यांना दिलं. राज्य मराठीचं झालं, तर कारभार, शास्त्र आणि तंत्र यांची भाषाही मराठी व्हायला हवी, ही त्यामागची भूमिका. म्हणजे वेद आणि न्याय शिकलेल्या माणसाकडे रसायन, शेती, वैद्यक आणि विजेची मराठी घडवण्याची जबाबदारी आली. मुंबई-पुण्याला न जाता त्यांनी विश्वकोशाचं कार्यालय वाईतच थाटलं. कृष्णेच्या काठी बसून मराठीतला सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश सरकारी खर्चाने उभा राहू शकतो, हे तेव्हा फार जणांना पटलं नसेल.

आधी शब्द हवे होते. १९६२ साली सरकारी पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश निघाला. त्याच्या संस्कृतप्रचुर शब्दांची वर्तमानपत्रांतून मनसोक्त टिंगल झाली. पण आज तलाठ्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत त्यातले किती शब्द सहज वापरले जातात, ते आपण पाहतोच. विश्वकोशाच्या कामातही तेच धोरण होतं. लेख लिहिण्याआधी परिभाषा ठरवायची, एका अर्थाला एकच शब्द वापरायचा, आणि तो सगळ्या खंडांत तसाच ठेवायचा. म्हणूनच परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली आधी आला, आणि अंक ते आतुरचिकित्सा हा पहिला खंड १९७६ साली. मी हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना लगेच कळतं. आधी नावं आणि नियम पक्के करा, मग प्रोग्राम लिहा. उलट क्रमाने गेलं की वर्षभरात कुणाचं कुणाला समजत नाही.

आमच्या कॉलेजात या परिभाषेची गरज मला रोज जाणवायची. सांगलीच्या वालचंद कॉलेजात विटा, तासगाव, इस्लामपूर, कोरेगाव, फलटण अशा गावांतून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पुष्कळ मुलं-मुली होती. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, तोंडी परीक्षा इंग्रजीत. प्रयोगशाळेत मात्र करंट वाहायचा, व्होल्टेज पडायचं आणि वाइंडिंग जळायचं, सगळं मराठी क्रियापदांनी. विचार मराठीत आणि नावं इंग्रजीत. त्यात काही बिघडत नव्हतं. पण तोंडी परीक्षेत प्रश्न का असा आला की ज्यांना उत्तर माहीत होतं तेही गप्प बसायचे, कारण कारणमीमांसा करायला नावं पुरत नाहीत, वाक्यं लागतात.

त्या काळात ग्रंथालयात विश्वकोश चाळताना रोहित्र हा शब्द पहिल्यांदा नीट पाहिला. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. शेजारीच जनित्र, चलित्र. जनरेटर आणि मोटर. ही नावं कुणी एकट्याने रचली असं नाही. परिभाषा अनेकांच्या हातून घडत गेली. पण घडण बघण्यासारखी आहे. संस्कृतात खन् धातूपासून खनित्र, म्हणजे खणायचं हत्यार. लू म्हणजे कापणे, त्यापासून लवित्र, विळा. होडी हाकायचं वल्हं म्हणजे अरित्र. पाणिनीने इत्र हा प्रत्यय मोजक्याच धातूंना सांगितला आहे. परिभाषाकारांनी तो पुढे नेऊन यंत्रांना लावला. जे जन्म देतं ते जनित्र, जे चालवतं ते चलित्र. मला तर हे एखाद्या फंक्शनसारखं वाटलं. धातू आत घाला, साधन बाहेर येतं. एकदा नियम समजला की नवा शब्द पाठ करावा लागत नाही, ओळखता येतो.

गंमत अशी की रुह् म्हणजे चढणे, आणि आपल्या गावाच्या वेशीवरचं रोहित्र काम करतं ते दाब उतरवण्याचं! ११,००० व्होल्टचा दाब तिथे चारशेच्या आसपास येतो आणि मग विहिरीवरची मोटर चालते. दाब चढवणारी रोहित्रं वीजनिर्मिती केंद्रावर, म्हणजे आपल्या कोयनेला. शेतकऱ्याने या सगळ्या व्युत्पत्तीला बगल देऊन सरळ डीपी हा शब्द उचलला. पाऊस लागला की डीप्या जळतात, रोहित्रं जळत नाहीत. पण वर्तमानपत्रातली बातमी आणि महावितरणची सूचना आली की रोहित्र हजर. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुखाने नांदतात. आणि विश्वकोशवाले तसे हट्टी नव्हते. इलेक्ट्रॉन, व्होल्ट, ट्रँझिस्टर त्यांनी तसेच ठेवले, आणि अर्धसंवाहक मात्र मराठीत घडवला. जिथे अर्थ उलगडून सांगता येतो तिथे आपला शब्द, जिथे ते नुसतं नाव आहे तिथे जगाचं.

आता थोडं न्यायशास्त्राबद्दल, कारण आपल्या व्हॉट्सॲप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश फिरतो, की नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली आहे. मूळ गोष्ट एवढीच, की रिक ब्रिग्ज नावाच्या नासाच्या एका संशोधकाने १९८५ साली एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने फोडून मांडत, ती पद्धत आणि संगणकात ज्ञान साठवण्याची एक पद्धत यांत साम्य आहे, असं त्याचं म्हणणं होतं. नासाने काही ठरवलं नव्हतं, आणि संस्कृतात प्रोग्राम लिहिले जात नाहीत.

पण त्या लेखामागची विद्या खरी आहे, आणि तिच्याच शेजारच्या शाखेत तर्कतीर्थ तयार झाले होते. जमिनीवर घट आहे, या साध्या वाक्यातला संबंध नैयायिक इतका काटेकोर मांडतात की दुसरा अर्थ निघायला फटच राहत नाही. जमिनीवर घट नाही, हे वाक्य तर त्याहून अवघड. नाही म्हणजे नेमकं काय नाही? घट अजून घडलेला नाही, की फुटून गेला, की इथे कधीच नव्हता, की समोर आहे तो घट नसून दुसरंच काही आहे? अभावाचे असे चार प्रकार त्यांनी वेगळे केले आणि अभावाला स्वतंत्र पदार्थ मानलं. डेटाबेसमधली रिकामी जागा म्हणजे माहिती नाही, लागू नाही, की अजून आलेली नाही, यावर आम्ही तासन्‌तास बैठका घेतो तेव्हा मला वाईची पाठशाळा आठवते. आणि मराठीत विजेच्या सेललाही घटच म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो.

तर्कतीर्थांनी स्वतः प्राचीनांना सगळं ठाऊक होतं असा दावा करण्यात आयुष्य घालवलं नाही. त्यांनी जुन्या विद्येतून काटेकोरपणा घेतला आणि तो नव्या ज्ञानाच्या कामाला लावला. माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा सार इथे आहे. त्या संदेशाला उत्तर म्हणून त्यांचं काम पुरे आहे.

या कामाची किंमतही मोठी होती. खंड निघायला वर्षांमागून वर्षं लागली. विज्ञान पुढे धावत होतं आणि वर्णानुक्रम आपल्या चालीने चालला होता. एखाद्या विषयाचं आद्याक्षर व किंवा स असेल तर त्याने किती वाट पाहायची? लेखांची भाषा जड आहे, ही तक्रारही खोटी नाही. शास्त्रीबुवा १९९४ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत प्रमुख संपादक होते, आणि तरी कोश पुरा झालेला त्यांना पाहता आला नाही. विसावा खंड निघाला तोवर त्यांना जाऊन दोन दशकं झाली होती. १९७६ साली पद्मभूषण आणि १९९२ साली पद्मविभूषण मिळालेल्या या माणसाने हाती घेतलेलं सर्वांत मोठं काम दुसऱ्यांवर सोपवून जावं लागणार, हे गृहीत धरूनच ते केलं असावं.

हे सगळं मी आता का लिहिते आहे? कारण आपल्या मुलांपैकी फार थोडी मराठी माध्यमात आहेत. माझी मुलगीही नाही. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीसह प्रादेशिक भाषांतून शिकवायला परवानगी आहे, पण आपल्यापैकी कितीजण आपल्या मुलांना त्या वर्गात बसवतील? मी बसवणार नाही, हे मला ठाऊक आहे, कारण नोकरी कुठल्या भाषेत मिळते तेही मला ठाऊक आहे. म्हणून मराठीतून इंजिनिअर घडवा, असा उपदेश मी करत नाही. मला वाटतं ते याहून लहान आहे. विजेचा धक्का का बसतो, अर्थिंग कशासाठी, पंपाचं बिल एवढं का आलं, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याला आपल्या भाषेत, न अडखळता, नीट वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तेवढं जर मराठीत उरलं नाही, तर ज्ञान दोन तुकड्यांत विभागलं जाईल, पुस्तकवाल्यांचं आणि डीपीवाल्यांचं.

माझ्या रोजच्या कामात हे आकड्यांत दिसतं. मराठी शब्द ओळखायला शिकवताना संगणकाला रोहित्र, रोहित्राचा, रोहित्रांवरून ही सगळी रूपं एकच शब्द आहेत हे कळावं लागतं. त्यासाठी तो शब्द खऱ्या, आजच्या, नीट लिहिलेल्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. शेती, आरोग्य, वीज, कायदा या विषयांवर असा मजकूर शोधायला बसलं की फिरून फिरून विश्वकोशापाशीच यावं लागतं. वाईत जमवलेली ती वाक्यं आज महाजालावर सगळ्यांना मोफत वाचायला आहेत, आणि मराठी शिकणारी यंत्रंही त्यातूनच शिकतात.

आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन शिक्षिका आहेत, एकजण महावितरणमध्ये आहे, आणि द्राक्षबागेचं गणित ज्याच्याइतकं कुणाला येत नाही असा एकजण तासगावला आहे. विश्वकोशाच्या नोंदी आता ज्ञानमंडळांमार्फत विषयवार नव्याने लिहिल्या जातात. सर आणि बाईंनी आपल्याला निबंध लिहायला शिकवलं ते दहावीच्या पेपरापुरतं नव्हतं असं धरून, प्रत्येकाने आपल्या धंद्यातल्या एका गोष्टीवर दोन पानं मराठीत लिहावीत, असं मला वाटतं. मी विद्युत घटापासून सुरुवात करते आहे. मसुदा झाला की आधी मराठीच्या बाईंकडे पाठवीन, लाल शाई त्यांच्याकडे अजून असेलच.