एमिल फिशर : एका गृहीतकाची कहाणी

साखर गोड असते, एवढे ज्ञान बहुतेकांना पुरते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा अणू असतात, हेही शाळेत शिकलेल्यांना आठवत असेल. परंतु फळांतील फ्रुक्टोज आणि मॅनोज नावाची शर्करा यांची अणुसंख्याही नेमकी हीच आहे. भांडवल तेच, रक्कमही तीच. तरी पदार्थ मात्र तीन. हा भेद भांडवलाचा नसून मांडणीचा आहे. ती मांडणी कागदावर रेखाटून दाखविण्याचे श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांचे.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या ऑइस्किर्शेन या गावी झाला. वडील यशस्वी व्यापारी होते आणि मुलाने घरच्या इमारती लाकडाच्या धंद्यात शिरावे, अशी त्यांची इच्छा होती. तो प्रयोग फसला. व्यापाराइतकी अक्कल पोराला नाही, तेव्हा त्याने शिकावे हेच बरे, असा निवाडा वडिलांनी दिल्याचे फिशर यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. बॉन येथे केकुले आणि स्ट्रासबुर्ग येथे अडोल्फ फॉन बेयर या दिग्गजांच्या हाताखाली शिकून १८७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १८८३ मध्ये एका बलाढ्य रंगनिर्मिती कंपनीने आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद देऊ केले असता ते नाकारून त्यांनी विद्यापीठाचीच वाट धरली. हा त्याग खरा. पण वडिलांनी तोवर त्यांची आर्थिक विवंचना मिटविली होती म्हणूनच तो शक्य झाला, हेही विसरता कामा नये.

पुढल्याच वर्षी त्यांनी शर्करांचे काम हाती घेतले. शर्करा पाकासारख्या चिकट राहतात, त्यांचे शुद्ध स्फटिक सहजासहजी हाती लागत नाहीत. त्यामुळे एकीला दुसरीपासून वेगळे ओळखणेच दुष्कर होते. स्वतः फिशर यांनी १८७५ मध्ये शोधलेले फेनिल हायड्रॅझीन येथे कामी आले. त्याच्याशी संयोग झाला की शर्करेपासून पिवळे स्फटिकरूप संयुग मिळे. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही शर्करांपासून एकच संयुग मिळते, यावरून त्यांचा सांगाडा बव्हंशी समान असून भेद एका टोकाशीच आहे, हे उघड झाले. या यशाची किंमत मात्र त्यांना शरीराने मोजावी लागली. ते विषारी द्रव्य वर्षानुवर्षे हाताळून त्यांची प्रकृती ढासळली.

खरा पेच पुढेच होता. कार्बन अणूचे चार बंध एका पातळीत नसून अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, असा विचार व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडला होता. ग्लुकोजमधील चार कार्बन अणूंशी जोडलेले गट प्रत्येकी दोन तऱ्हांनी बसू शकतात. म्हणजे सोळा मांडण्या संभवतात. त्यांतील ग्लुकोजची कोणती? फिशर यांनी शर्करेची साखळी एका कार्बनने वाढवून किंवा तिची टोके बदलून मिळणाऱ्या पदार्थांची तुलना केली आणि एकेक शक्यता बाद करीत १८९१ मध्ये उत्तर दिले. मात्र या सोळा मांडण्या म्हणजे बिंब-प्रतिबिंबाच्या आठ जोड्या. ग्लुकोजची जोडी कोणती, हे पुराव्याने सिद्ध झाले. जोडीतील दोहोंपैकी ग्लुकोज नेमका कोणता, हे ठरविण्याचे साधन त्या काळी नव्हते. फिशर यांनी एक बाजू गृहीत धरली आणि ते गृहीतकच आहे, हे लपविले नाही.

मांडणीचा हा विचार पुढे जीवसृष्टीपर्यंत पोहोचला. ग्लुकोजचा रेणू दुसऱ्याशी दोन तऱ्हांनी जोडला जातो. यीस्टमधील एन्झाइम त्यांपैकी एक बंध तोडते, तर बदामातील एन्झाइम दुसरा, असे १८९४ मध्ये फिशर यांनी दाखविले आणि त्यासाठी कुलूप-किल्लीचा दृष्टान्त दिला. स्टार्च आणि सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या असून फरक जोडणीचा आहे, हे नंतर सिद्ध झाले. म्हणूनच माणसाला भाकरी पचते, लाकूड पचत नाही. ज्या लाकडाच्या व्यापारात फिशर नालायक ठरले, त्या लाकडाच्या अंतरंगाची वाट त्यांच्याच संशोधनातून गेली.

१८९२ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले आणि १९०२ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परंतु प्रयोगशाळेत पुराव्याची आणि गृहीतकाची सीमारेषा इतक्या कसोशीने जपणाऱ्या या माणसाने सार्वजनिक जीवनात ती जपली नाही. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने केलेल्या अत्याचारांचे आरोप साफ नाकारणारे ९३ विद्वानांचे निवेदन १९१४ मध्ये निघाले, त्यावर फिशर यांचीही सही होती. बर्लिनमध्ये बसून ज्याची शहानिशा करणे अशक्य, ते त्यांनी सत्य म्हणून स्वीकारले. आणि ते असत्य होते. त्या युद्धाच्या काळात त्यांचा एक मुलगा मरण पावला, तर सक्तीच्या लष्करी शिक्षणाच्या परिणामी दुसऱ्याने आत्महत्या केली. कर्करोगाने ग्रासलेले फिशर १५ जुलै १९१९ रोजी निवर्तले.

त्यांच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी, १९५१ मध्ये, डच शास्त्रज्ञ बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाच्या क्षाराची खरी मांडणी निश्चित केली आणि त्यावरून फिशर यांनी धरलेली बाजूच बरोबर असल्याचे आढळले. हा योगायोग होता, कारण शक्यता निम्मीच होती. अंदाज चुकला असता तरी शास्त्राचे फारसे बिघडले नसते. गृहीतक उघड मांडलेले असल्यामुळे सर्व आकृत्या उलट काढून भागले असते. १९१४ च्या त्या निवेदनाला अशी दुरुस्ती शक्य नव्हती. कारण त्यात गृहीतकाला गृहीतक म्हटलेलेच नव्हते. शिक्षकाने फळ्यावर सिद्धान्त मांडताना आणि नागरिकाने एखाद्या पत्रकावर सही करताना, या दोन सह्यांमधील अंतर ध्यानी ठेवावे.