रेडियमचे मोल

इ. स. १८६७ च्या नोव्हेंबर महिन्यात, ७ तारखेस, पोलंड देशातील वॉर्सा या नगरात मारियाचा जन्म झाला. पोलंडवर त्या काळी रशियाच्या झारची सत्ता होती. मारियाचे वडील गणित व पदार्थविज्ञान यांचे शिक्षक होते. ती दहा वर्षांची असताना तिची आई क्षयाने निवर्तली. घरची स्थिती बेताची, त्यात तेथील विद्यापीठाची दारे मुलींना बंद. परंतु ज्ञानाची तहान अनावर! तेव्हा दोघी बहिणींनी एक निश्चय केला. थोरल्या ब्रोनियाने पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावे, धाकटीने शिकवण्या करून तिला पैसे पाठवावेत आणि पुढे थोरलीने धाकटीस आधार द्यावा. दोघींनीही आपला शब्द पाळला.

१८९१ साली मारिया पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात दाखल झाली. माळ्यावरच्या थंडगार खोलीत अर्धपोटी राहून तिने अभ्यास केला आणि १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. १८९५ साली प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला. मारियाची ती आता मादाम मेरी क्यूरी झाली.

१८९६ साली बेक्वेरेल या शास्त्रज्ञास युरेनियमपासून अदृश्य किरण बाहेर पडतात असे आढळले. क्यूरीबाईंनी हाच विषय हाती घेतला. युरेनियमच्या एका खनिजातून निघणारे किरण त्यातील युरेनियमच्या मानाने फारच प्रखर होते. त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडले असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. १८९८ साली या दांपत्याने पोलोनियम व रेडियम अशा दोन नव्या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. पण रेडियम प्रत्यक्ष दाखविल्यावाचून जग कसे मानणार? गळक्या छपराच्या एका पडवीत बाईंनी खनिजाचे ढीगच्या ढीग उकळले, ढवळले, गाळले. चार वर्षांच्या श्रमांनंतर, १९०२ साली, कित्येक टन खनिजातून हाती आला तो केवळ एकदशांश ग्रॅम रेडियमचा क्षार! रात्री त्या कुप्या मंद तेजाने चमकत, आणि पतिपत्नी त्या कौतुकाने पाहत. त्या तेजात संकट लपले आहे, याची पुरती जाणीव तेव्हा कोणासही नव्हती.

प्येर यांनी आपल्या दंडावर रेडियम बांधून पाहिले. तेथे भाजल्यासारखी जखम झाली आणि ती भरून येण्यास कित्येक आठवडे लागले. असे का झाले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा दुपदरी तंतू असतो. पेशीचे सारे कार्य त्यातील सूचनांनुसार चालते. हे किरण पेशीत शिरले म्हणजे वाटेतील अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. त्यामुळे कधी तो तंतूच तुटतो, तर कधी पेशीतील पाण्याचे विघटन होऊन उपजलेले कण त्यास इजा करतात. लहानसहान मोडतोड पेशी स्वतःच सांधते. आघात मोठा असेल, तर ती मरते. सांधताना चूक राहिली, तर कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो. सतत विभागणाऱ्या पेशींना हा धोका अधिक असतो. कर्करोगाच्या पेशीही अशाच भराभर विभागत असल्याने, तेच किरण बेताने वापरून त्यांचा नाश करता येतो. मारक तेच तारकही ठरते!

१९०३ साली क्यूरी पतिपत्नींना बेक्वेरेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली घोडागाडीखाली सापडून प्येर मृत्यू पावले. दुःख गिळून बाईंनी काम चालूच ठेवले. १९११ साली त्यांना दुसरे नोबेल पारितोषिक लाभले. रेडियम मिळविण्याच्या कृतीवर या दांपत्याने एकस्व घेतले नाही. ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवले. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा बाईंनी क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या सज्ज केल्या आणि कन्या इरेन हिच्यासह जखमी सैनिकांची सेवा केली.

अशी वर्षानुवर्षे किरणांच्या सान्निध्यात गेली. हाडांच्या मज्जेतील, रक्त निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण झाल्या आणि ४ जुलै १९३४ रोजी गंभीर रक्तक्षयाने क्यूरीबाईंची प्राणज्योत मालवली. १९९५ साली फ्रान्सने त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने ठेवल्या. त्यांच्या वह्यांतून आजही किरण निघत असल्याने त्या शिशाच्या पेट्यांत जपल्या आहेत.

आज रुग्णालयात क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ आडोशामागे उभा राहतो आणि अंगावर किरण मोजणारी पट्टी लावतो. हे शहाणपण मानवजातीस फुकट मिळालेले नाही. त्याचे मोल क्यूरीबाईंसारख्यांनी आपल्या प्राणांनी चुकविले आहे.